तालमीच्या खोलीत फिल्म कॅमेरा : नर्तकांचे काम टिपण्याचे सविस्तर मार्गदर्शन

नृत्याची छायाचित्रे मी अनेक वर्षे डिजिटल कॅमेऱ्यावर काढली. एकेका तालमीतून हजार-बाराशे चित्रे घेऊन घरी यायचो, ती चाळण्यात दोन-दोन रात्री जायच्या, आणि तरीही त्या तालमीत नेमके काय घडले असे कोणी विचारले असते तर मला ते धड सांगता आले नसते. पुढे कपाटात पडून असलेला जुना यांत्रिक कॅमेरा दुरुस्त करून घेतला, त्यात ३६ चित्रांचा रोल भरला आणि त्याच कलावंतांच्या तालमीला गेलो. पहिला तासभर एकही चित्र घेतले नाही, कारण मोजकी चित्रे कुठे खर्च करावीत हेच उमगत नव्हते. दुसऱ्या तासात आठ मात्रांचा तोच तुकडा सातव्यांदा सुरू झाला, तेव्हा उडी कुठे येणार, कोणाचा हात आधी उठणार आणि मान कोणत्या मात्रेवर वळणार हे मला पाठ झाले होते. तालीम म्हणजे मुळातच पुनरावृत्ती असते, आणि मोजकी चित्रे देणाऱ्या फिल्मला ही पुनरावृत्ती फार मानवते. पुढील सर्व सूचना या एका अनुभवावर उभ्या आहेत.

कॅमेरा आधी घरी तपासावा

या कामाला महागडा कॅमेरा लागत नाही, भरवशाचा लागतो. पेंटॅक्स के१०००, निकॉन एफएम२, ऑलिंपस ओएम-१ यांसारखे यांत्रिक शटरचे (शटर म्हणजे फिल्मवर ठरावीक वेळ प्रकाश पडू देणारा पडदा) एसएलआर, म्हणजे लेन्समधूनच दृश्य दाखवणारे, कॅमेरे बॅटरी संपली तरी चालत राहतात. बंद पडतो तो फक्त प्रकाश मोजणारा लाइट मीटर. के१००० चे सर्वांत वेगवान शटर १/१००० सेकंदाचे आहे आणि एफएम२ चे १/४००० सेकंदाचे, परंतु तालमीच्या खोलीत १/५०० च्या पुढे जाण्याइतका प्रकाश क्वचितच असतो, त्यामुळे निवड करताना या फरकाला फार महत्त्व देऊ नये.

बरीच वर्षे पडून असलेला कॅमेरा मात्र तसाच उचलून तालमीला नेऊ नये. फिल्म न भरता मागचे झाकण उघडावे आणि एका सेकंदापासून सर्वांत वेगवान गतीपर्यंत शटर एकेक पायरी चढवत चालवून पाहावे. एक सेकंद, अर्धा सेकंद, पाव सेकंद या गती कानाला कळतात. आतले वंगण सुकले असेल तर शटर मध्येच अडखळते किंवा उघडेच राहते. वेगवान गतींसाठी कॅमेरा खिडकीकडे धरून मागून पाहावे आणि चौकटीची एखादी बाजू काळी राहत नाही ना, याची खात्री करावी. झाकणाच्या कडेच्या खाचेत फोमची पट्टी असते. ती जुनी झाली की चिकट होऊन कुस्करते आणि तेथून आत शिरलेला प्रकाश संपूर्ण रोलवर पट्टे उमटवतो. ही पट्टी बदलणे हे घरी जमण्यासारखे काम आहे. लेन्समधून टॉर्च मारून बुरशीचे जाळे आहे का ते पाहावे, आणि ॲपर्चरची, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची, पाती तेलकट होऊन रेंगाळत नाहीत ना, हेही तपासावे. काही जुन्या कॅमेऱ्यांचे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनवलेले होते. त्या जागी १.५ व्होल्टची साधी बॅटरी घातली की मीटरचे आकडे चुकू शकतात, म्हणून असा मीटर दुसऱ्या विश्वासू मीटरशी ताडून फरक वहीत लिहून ठेवावा.

एसएलआर कॅमेऱ्याचा एक स्वभाव नृत्य टिपणाऱ्याने पक्का लक्षात ठेवावा. शटर उघडण्यापूर्वी आतला आरसा वर उठतो आणि व्ह्यूफाइंडर क्षणभर काळा होतो, म्हणजे फिल्मवर जे उतरते ते तुम्हाला दिसलेले नसते. उडीचा सर्वांत उंच बिंदू तुम्हाला व्ह्यूफाइंडरमध्ये स्वच्छ दिसला असेल, तर तो फिल्मवर आलेला नाही असे खुशाल समजावे. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आरसा नसल्यामुळे दृश्य अखंड दिसत राहते, चौकटीबाहेरून आत येणारा हात किंवा पाय आधीच नजरेस पडतो आणि आवाजही कमी होतो. शांत प्रसंगाच्या तालमीत हा कमी आवाज फार मोलाचा ठरतो. तरीही हाताशी एसएलआर असेल तर त्यावरच काम सुरू करावे. काळा होणारा तो क्षण अंदाज बांधायला शिकवतो.

लेन्स तीन पुरतात, खरे तर दोनच. ५० मिमीची एफ/१.८ किंवा एफ/१.४ लेन्स बहुतेक काम करते (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश आत येतो). संपूर्ण समूह आणि जमीन हवी असेल तेव्हा ३५ मिमी, आणि चेहरा, खांदे, मनगट यांसाठी ८५ मिमी घ्यावी. झूम लेन्स सोयीची असली तरी जुन्या झूमचे ॲपर्चर बहुधा एफ/३.५ किंवा एफ/४ पासून सुरू होते, आणि खोलीतल्या प्रकाशात ते परवडत नाही.

फिल्म आणि पुश करणे

सुरुवात कृष्णधवल फिल्मने करावी असा माझा आग्रह आहे. तालमीच्या खोलीत खिडकीचा उजेड, ट्यूबलाइट आणि एखादा पिवळा दिवा असे तिन्ही प्रकार एकत्र सापडतात. रंगीत फिल्मवर त्यांचे वेगवेगळे रंग त्वचेवर चढतात आणि नंतर ते पूर्णपणे काढता येत नाहीत. कोडॅक ट्राय-एक्स ४००, जी ३५ मिमी स्वरूपात १९५४ पासून वापरात आहे, आणि इल्फोर्ड एचपी५ प्लस या दोन फिल्म या कामासाठी सर्वांत सोशिक आहेत. ४०० सारखा आकडा फिल्मची प्रकाशाला संवेदनशीलता सांगतो; तो जितका मोठा, तितका कमी उजेड पुरतो. मंद उजेडासाठी इल्फोर्ड डेल्टा ३२०० आणि कोडॅक टी-मॅक्स पी३२०० आहेत. यांपैकी पी३२०० चे उत्पादन २०१२ मध्ये थांबले होते आणि २०१८ मध्ये ती पुन्हा बाजारात आली. नावात ३२०० असले तरी डेल्टाची प्रमाणित संवेदनशीलता १००० च्या आसपासच आहे, त्यामुळे तिला १६०० वर वापरले तर सावलीतला तपशील अधिक टिकतो.

आता पुश करणे म्हणजे नेमके काय, ते नीट समजून घ्यावे, कारण याबाबत बरेच गैरसमज आहेत. ४०० च्या फिल्मला १६०० समजून चित्रे घ्यायची, म्हणजे तिला दोन स्टॉप कमी, अर्थात एक चतुर्थांश प्रकाश द्यायचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट), आणि ती कसर डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, जास्त वेळ ठेवून भरून काढायची. प्रत्यक्षात भरून निघते ती मध्यम आणि उजळ भागांतली कसर. सावलीत जिथे प्रकाश पोहोचलाच नाही तिथे कितीही वेळ डेव्हलप केले तरी काही उमटत नाही. ग्रेन (चित्रातला दाणेदारपणा) वाढतो, कॉन्ट्रास्ट (उजळ आणि काळ्यातला फरक) चढतो, काळा अधिक काळा होतो. नृत्यात हे अनेकदा चालून जाते, कारण चेहरा आणि हात प्रकाशात असतात आणि मागची भिंत काळोखात गेली तरी बिघडत नाही.

प्रत्यक्ष हिशेब असा आहे. एखाद्या बऱ्यापैकी उजळ खोलीत ४०० वर एफ/२ आणि १/१२५ सेकंद मिळत असेल, तर त्याच ठिकाणी १६०० वर एफ/२ ला १/५०० किंवा एफ/२.८ ला १/२५० मिळते. पहिल्या आकड्यांवर उभा नर्तक चांगला येतो आणि हात हलका धूसर होतो. दुसऱ्या आकड्यांवर उडी थिजते. म्हणून मी तालमीसाठी एचपी५ प्लस १६०० वर वापरतो आणि विश्रांतीतल्या चित्रांसाठी दुसरा रोल ४०० वर ठेवतो. पूर्ण रोल एकाच आकड्यावर घ्यावा लागतो, अर्ध्यात बदलता येत नाही, आणि हा आकडा रोलच्या डबीवर पेनाने लगेच लिहावा. घरी परतल्यावर सहा डब्या सारख्याच दिसतात.

पहिल्या तालमीला कॅमेरा पिशवीतच ठेवावा

नृत्यदिग्दर्शक आणि सर्व कलावंत यांची परवानगी आधी घ्यावी आणि चित्रे कुठे वापरली जातील ते स्पष्ट सांगावे. तालीम ही अपुऱ्या, चुकणाऱ्या, घामेजलेल्या शरीरांची जागा असते; तेथे कोणाला आत घ्यायचे हे ठरवण्याचा हक्क कलावंतांचाच आहे. ज्यांना चित्रे नको असतील त्यांची जागा लक्षात ठेवावी.

बूट बाहेर काढावेत, कारण तळव्याला चिकटलेला एक खडाही त्या जमिनीवर अनवाणी पायाला जखम करू शकतो. पिशवी, पट्टा, लेन्सचे झाकण यांतले काहीही नाचण्याच्या जागेत पडू देऊ नये. फ्लॅश वापरू नये. गिरक्या घेताना चक्कर येऊ नये म्हणून अनेक नर्तक समोरच्या एका स्थिर बिंदूवर नजर रोखतात. शरीर फिरते, मान क्षणभर मागे राहते आणि मग झटक्यात वळून पुन्हा त्याच बिंदूवर येते. त्या बिंदूपाशी तुम्ही हललात तरी त्यांचा तोल जाऊ शकतो. नजर कुठे रोखली जाते ते पाहावे आणि ती जागा टाळावी.

त्यानंतर नुसते पाहावे. जवळ वही असावी. संगीत कसे मोजले जाते ते ऐकावे, कोणत्या मात्रेवर काय घडते ते लिहावे, कोणता तुकडा पुन्हा पुन्हा घेतला जातो त्यापुढे खूण करावी. अमेरिकन छायाचित्रकार बार्बरा मॉर्गन यांनी १९३५ पासून आधुनिक नृत्यांगना मार्था ग्रॅहम यांच्या नृत्याची जी छायाचित्रे घेतली, त्यांमागची पद्धत याच जातीची होती. त्या आधी तालमी आणि प्रयोग पाहत, नृत्याचा गाभा ज्यांत आहे अशा हालचाली मनाशी ठरवत, आणि मग स्टुडिओत स्वतःची प्रकाशयोजना करून नेमक्या त्याच टिपत. १९४० च्या त्यांच्या प्रसिद्ध चित्रात ग्रॅहम पुढे वाकल्या आहेत आणि मागे उंचावलेल्या पायासोबत झग्याचा मोठा घेर हवेत फिरतो आहे. असे चित्र पाहण्याच्या या दीर्घ तयारीनंतरच हाती येते.

प्रकाश मोजताना

कॅमेऱ्यातला मीटर समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम राखाडी धरतो. काळ्या पडद्यापुढे एकच कलावंत प्रकाशात असेल तर मीटर त्या काळोखाला राखाडी करायला जातो आणि चेहरा दोन स्टॉपने उडून पांढरा पडू शकतो. पांढऱ्या भिंतीपुढे याच्या उलट होते. म्हणून मोजणी नर्तकाच्या जागी उभे राहून करावी. तालीम सुरू होण्यापूर्वी किंवा मध्यंतरात परवानगी घेऊन जमिनीवर जावे. हातात धरायचा इन्सिडेंट मीटर, म्हणजे नर्तकावर पडणारा प्रकाश मोजणारा मीटर, असेल तर तो कॅमेऱ्याच्या दिशेने धरून आकडा घ्यावा. तसा मीटर नसेल तर स्वतःचा तळहात त्या उजेडात धरून कॅमेऱ्याने जवळून मोजावा आणि एक स्टॉप जास्त द्यावा, कारण तळहात मध्यम राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. खिडकीजवळ, मध्यभागी आणि मागच्या कोपऱ्यात असे तीन आकडे वहीत लिहिले की पुढचे दोन तास मीटरकडे पाहण्याची गरज राहत नाही; दिवस मावळत असेल तर मात्र दर अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे.

दिव्यांच्या लुकलुकण्याबद्दल दोन शब्द. विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ असेल तेथे काही ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, आणि ६० हर्ट्झ असेल तेथे १२० वेळा. १/२५० किंवा १/५०० वर घेतलेले चित्र कधी मंद क्षणात सापडते, कधी चौकटीत उजळ-काळे पट्टे येतात, आणि फिल्मवर हे धुतल्यावरच कळते. फोनचा कॅमेरा दिव्याकडे धरून स्क्रीनवर सरकते पट्टे दिसतात का ते पाहावे. दिसत असतील तर १/६० वर काम करावे किंवा खिडकीच्या बाजूची जागा धरावी.

फोकस आधीच लावून ठेवावा

धावत्या शरीरामागे हाताने फोकस फिरवत राहणे सुरुवातीला जमत नाही आणि त्यात क्षण निसटतो. त्याऐवजी जमिनीवरचा आधार घ्यावा. बहुतेक तालमींत जागा ठरवण्यासाठी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा केलेल्या असतात. उडी कोणत्या खुणेवर पडते ते पाहून फोकस तेथे लावावा आणि वाट पाहावी.

चार मीटरवर फोकस लावला असता ८५ मिमीच्या लेन्सने एफ/२ वर जेमतेम २५ सेंटिमीटर खोली स्पष्ट येते, म्हणजे एक खांदा स्पष्ट असेल तर दुसरा धूसर होईल. ५० मिमीवर हीच खोली सुमारे पाऊण मीटर होते. ३५ मिमीची लेन्स एफ/२.८ वर चार मीटरला लावली तर साधारण ३.१ मीटरपासून ५.५ मीटरपर्यंतचे सगळे पुरेसे स्पष्ट येते. समूहाच्या तालमीत मी हाच शेवटचा हिशेब वापरतो आणि फोकसच्या रिंगला हातच लावत नाही.

भिंतभर आरसा असलेल्या खोलीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आरशातले प्रतिबिंब टिपायचे असेल तर फोकस आरशाच्या पृष्ठभागावर लावून चालत नाही. कॅमेऱ्यापासून आरशापर्यंतचे आणि आरशापासून नर्तकापर्यंतचे अंतर मिळून जे होईल त्यावर तो लावावा लागतो.

क्षण पकडणे

या कामाचा खरा गाभा येथे आहे. एखादा नर्तक ४५ सेंटिमीटर उंच उडी घेतो तेव्हा जमीन सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत त्याला साधारण ०.६ सेकंद लागतात; ०.३ वर जाताना, ०.३ खाली येताना. वर फेकलेली वस्तू शिखराजवळ मंदावते, त्यामुळे या ०.६ सेकंदांपैकी निम्मा वेळ तो उंचीच्या वरच्या एक चतुर्थांश भागात असतो. नर्तक हवेत तरंगल्यासारखा वाटतो तो यामुळेच, आणि १/२५० सेकंदात उडी थिजवता येते तीही यामुळेच. शिखरावर धड जवळपास स्थिर असते. हलतात ते हात, केस आणि कापड.

आता तुमची बाजू पाहू. डोळ्याने पाहून बोट दाबायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. त्यावर आरसा उठून शटर उघडेपर्यंत आणखी थोडा वेळ जातो. शिखर दिसल्यावर बोट दाबले तर चित्र उतरेपर्यंत पाय जमिनीजवळ आलेले असतात, गुडघे उतरण्याच्या तयारीत वाकलेले असतात आणि चेहऱ्यावरचा उड्डाणाचा भाव संपलेला असतो. पाय जमीन सोडताना दिसले त्याच क्षणी बोट दाबायला घेतले, तर चित्र शिखराच्या आसपास पडते. प्रत्येक कॅमेऱ्याचा आणि प्रत्येक हाताचा विलंब निराळा असतो, म्हणून रोल न भरता याचा सराव करावा. तालमीत दहा-वीस उड्यांना मोकळे शटर दाबून पाहावे, अर्थात आवाजाने कोणाचे लक्ष विचलित होणार नसेल तर. घरी चेंडू वर फेकून तो शिखरावर असताना खटका पडेल असा हात बसवावा.

याहून चांगला मार्ग म्हणजे मात्रा मोजणे. उडी सहाव्या मात्रेवर येत असेल तर पाचवीपासून मनात मोजत राहावे आणि सहावीवर बोट सोडावे. ताल अंगात भिनला की पाहून प्रतिसाद देण्याचा विलंब उरतच नाही, कारण तुम्ही पाहून दाबत नाही, नर्तकाबरोबर मोजून दाबता. मला याचा शोध फार उशिरा लागला. एका तालमीत नृत्यदिग्दर्शक टाळ्यांनी ताल धरत होते आणि माझा पाय नकळत त्यांच्याबरोबर पडू लागला. त्या रोलवरच्या उड्या इतर सर्व रोलांपेक्षा सरस आल्या.

हालचालीची दिशाही शटरइतकीच महत्त्वाची असते. सेकंदाला तीन मीटर वेगाने आडवा जाणारा हात १/२५० सेकंदात १२ मिलिमीटर सरकतो, १/६० मध्ये ५ सेंटिमीटर आणि १/१५ मध्ये २० सेंटिमीटर. तोच हात कॅमेऱ्याच्या दिशेने येत असेल तर धूसरपणा बराच कमी दिसतो. प्रकाश अपुरा असेल तेव्हा मी बाजूची जागा सोडून अशा ठिकाणी बसतो, जिथून मुख्य हालचाल माझ्या दिशेने येईल. शक्यतो जमिनीवरच बसावे. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आला की उडी अधिक उंच दिसते आणि पाय कापले जाण्याची चूक कमी होते. हात ज्या दिशेने पसरणार असेल त्या बाजूला चौकटीत जागा मोकळी सोडावी, आणि जमीन दिसू द्यावी. नर्तक जमिनीपासून किती वर आहे हे जमिनीवाचून कळत नाही.

मुद्दाम धूसर ठेवणे

सगळ्याच उड्या थिजवल्या की रोलभर पुतळे जमा होतात. छायाचित्रकार अलेक्सी ब्रोडोविच यांनी १९३५ ते १९३७ या काळात ३५ मिमी कॅमेऱ्याने, उपलब्ध उजेडातच आणि मंद शटरवर बॅले टिपले. त्या चित्रांत शरीरे विरघळून रेषा होतात, आणि तरीही नृत्य अधिक जवळचे वाटते. हे साधायचे असेल तर शरीराचा एखादा भाग स्थिर राहील असा तुकडा निवडावा. धड जागीच आहे आणि हात फिरत आहेत, किंवा समूह धावतो आहे आणि मध्ये एकटा उभा आहे, अशा ठिकाणी १/१५ किंवा १/८ उत्तम काम करते. सगळेच हलत असेल तर चित्रात नजरेला टेकायला जागा राहत नाही. नर्तक आडवा धावत असेल तर १/३० वर कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवावा आणि शटर दाबल्यावरही फिरवणे थांबवू नये. या प्रयोगांना रोलमधली चित्रे मोकळ्या हाताने खर्च करावीत, कारण दहापैकी दोन साधली तरी ती दोन दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळाली नसती.

दोन तुकड्यांमधला वेळ

विश्रांतीत कॅमेरा खाली ठेवू नये. अंगठ्याच्या फोडावर पांढरी पट्टी गुंडाळणारी नर्तिका मी एकदा हातभर अंतरावरून पाहिली. पट्टीचे टोक ती दातांनी तोडत होती, दुसऱ्या हाताने टाच धरलेली होती आणि ओठ मात्र मोजत होते. पुढचा तुकडा तिच्या आत सुरूच होता. अशी चित्रे ४०० च्या रोलवर, खिडकीच्या उजेडात, १/६० सेकंदावर आरामात येतात.

रोल भरणे आणि बदलणे

एक घटना सांगतो, कारण तिने मला कायमची सवय लावली. रंगीत तालमीच्या दिवशी घाईत रोल भरला, फिल्मचे टोक गुंडाळीच्या खाचेत नीट अडकले नाही आणि मी ३६ चित्रे घेत राहिलो. आकडा पुढे सरकत होता, फिल्म सरकत नव्हती. रोल कोरा निघाला आणि ती तालीम पुन्हा होणार नव्हती. तेव्हापासून झाकण बंद केल्यावर रिवाइंडची कळ हलकेच फिरवून फिल्म ताणून घेतो, आणि पुढचे चित्र घेण्यासाठी लिव्हर ओढताना ती कळ उलट फिरते आहे का, हे दर वेळी पाहतो. कळ फिरत असेल तर फिल्म सरकते आहे.

सलग पूर्ण तालीम सुरू होणार असेल आणि काउंटर ३० च्या पुढे असेल, तर उरलेल्या चित्रांचा मोह सोडून रोल आधीच बदलावा. दोन तासांच्या तालमीला तीन रोल पुरेसे होतात.

धुणे

कृष्णधवल रोल घरी धुता येतो आणि पुश केलेला रोल तर स्वतःच धुवावा, कारण वेळेवर ताबा आपला राहतो. काळोखात किंवा चेंजिंग बॅगमध्ये फिल्म रीलवर चढवून टँकमध्ये बंद करावी. जुन्या, वाया गेलेल्या रोलवर याचा सराव आधी उजेडात आणि मग डोळे मिटून करावा. एचपी५ प्लससाठी आयडी-११ डेव्हलपर पाणी न मिसळता, २० अंश सेल्सियसला वापरला तर ४०० साठी साडेसात मिनिटे, ८०० साठी साडेदहा आणि १६०० साठी १४ मिनिटे लागतात. पाणी गरम असेल तर वेळ कमी होतो, त्यासाठी फिल्मसोबतचा तक्ता पाहावा. पहिल्या दहा सेकंदांत टँक चार वेळा उलटा-सुलटा करावा आणि पुढे दर मिनिटाच्या सुरुवातीला तेच करावे. डेव्हलपर ओतून टाकल्यावर दहा सेकंद स्टॉप बाथ (डेव्हलपरचे काम थांबवणारे द्रावण), मग तीन ते पाच मिनिटे रॅपिड फिक्सर (चित्र कायम करणारे द्रावण). धुण्यासाठी टँक स्वच्छ पाण्याने भरून पाच वेळा उलटावा, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. तिन्ही पाणी साधारण त्याच तापमानाचे असावे. फिल्म धूळ नसलेल्या जागी टांगावी. न्हाणीघर बहुधा सर्वांत चांगले.

वाळलेली निगेटिव्ह उजेडावर धरल्यावर आधी चित्रांकडे पाहू नये, कडेच्या छापील आकड्यांकडे पाहावे. कडेचे आकडे ठळक आणि चित्रे फिकी असतील तर प्रकाश कमी पडला आहे. आकडेही फिके असतील तर डेव्हलपर कमी पडला, थंड होता किंवा जुना होता. आकडे ठळक आणि चौकटी पूर्ण कोऱ्या असतील तर फिल्म सरकली नाही किंवा शटर उघडले नाही. एवढ्या तपासणीने पुढच्या रोलमध्ये काय बदलायचे ते निश्चित होते.

मग कॉन्टॅक्ट शीट बनवावी. डार्करूम नसेल तर सहा-सहा चौकटींच्या पट्ट्या प्रकाशपेटीवर एकत्र ठेवून स्कॅन कराव्यात, परंतु छत्तीसही चौकटी एका पानावर, घेतलेल्या क्रमानेच असाव्यात. आवडलेली तेवढीच वेगळी काढली की तालमीचा क्रम हरवतो. हे पान घेऊन कलावंतांकडे जावे आणि त्यांच्या हातात भिंग द्यावे. त्यांना जे दिसते ते आपल्याला दिसत नाही: पंजा पूर्ण ताणलेला नाही, खांदा वर चढला आहे, नजर चुकीच्या बाजूला आहे. अशी चित्रे बाहेर जाऊ देऊ नयेत.

गेल्या वेळी मी शिखरावरच्या चार उड्यांना लाल पेन्सिलीने चौकोन केले होते. नर्तिकेने त्या ओलांडून २३ व्या चौकटीवर बोट ठेवले. तेथे ती अजून जमिनीवरच होती, गुडघे खोल वाकलेले, टाचा दाबलेल्या, हात खाली. मी घाईने लवकर दाबलेले ते चित्र होते. ती म्हणाली, ‘‘दादा, उडी इथेच ठरते.’’ पुढच्या तालमीचा रोल भरताना वहीत मी सहाव्या मात्रेवर काट मारली आणि पाचवी लिहिली.